डोंगरची साकुरा

जपानचें नांव घेतांच साकुरेच्या बहराचें एक ठराविक चित्र डोळ्यांसमोर उभें राहतें. नदीच्या दोन्ही तीरांवर सारख्याच चणीचीं झाडें ओळीनें उभीं आहेत, फांद्यांवर एकही पान नाहीं, सर्व झाडें एकाच दिवशीं एकाच रंगानें फुललीं आहेत आणि आठदहा दिवसांत तीं एकदमच रितीं होणार आहेत. हें चित्र खोटें नाहीं. टोकियो, ओसाका, नागोया या शहरांतून तें दर वसंतांत पाहावयास मिळतें. परंतु या चित्राचें वय फार तर दीडशें वर्षांचें आहे. बाराव्या शतकांत साइग्यो या कवीनें ज्या फुलाचा ध्यास घेतला, सोळाव्या शतकांत हिदेयोशीनें ज्याच्या दर्शनासाठीं हजारोंचा लवाजमा डोंगरावर नेला, आणि अठराव्या शतकाच्या अखेरीस मोतोओरी नोरिनागा या पंडितानें आपल्या थडग्यापाशीं जें लावण्याविषयीं मृत्युपत्रांत सांगून ठेविलें, तें झाड निराळें. त्याचें नांव यामाझाकुरा. ‘यामा’ म्हणजे डोंगर. यामाझाकुरा म्हणजे डोंगरची साकुरा. हें रानचें झाड माणसानें कशासाठीं लावलें आणि कोणत्या रीतीनें लावलें, याचा इतिहास हा जपानच्या मनोवृत्तीच्या इतिहासाचाच एक भाग आहे.

जपानच्या मुख्य बेटाचा मध्य व पश्चिम भाग, शिकोकू आणि क्यूशू येथील डोंगरउतारांवर हा वृक्ष आपोआप उगवतो. वनस्पतिशास्त्रज्ञ त्याला प्रूनस जामासाकुरा म्हणतात. बदाम, जरदाळू, आलुबुखार हीं त्याचीं भावंडें. तो पंधरापासून पंचवीस मीटरपर्यंत उंच वाढतो आणि जागा मानवली तर शेंकडों वर्षें जगतो. त्याचें फूल साधें, पांच पाकळ्यांचें, पांढरें किंवा अगदीं फिकट गुलाबी असतें. त्याची खरी खूण मात्र फुलांत नसून पानांत आहे. शहरांतील साकुरेला आधीं फुलें येतात आणि मागाहून पानें. यामाझाकुरेची पालवी फुलांबरोबरच फुटते, आणि ती बहुधा तांबूस किंवा तपकिरी, क्वचित् पिवळसर वा फिकट हिरवी असते. आपल्याकडे वसंतांत कोशिंबाला फुटणारी तांबडी पालवी डोळ्यांपुढें आणावी आणि तिच्यांत पांढऱ्या फुलांचे झुबके मिसळावे, म्हणजे या झाडाच्या शोभेची कांहींशी कल्पना येईल.

दुसरें एक वैशिष्ट्य याहून महत्त्वाचें आहे. यामाझाकुरेचें फूल स्वतःच्या परागानें फळत नाहीं. त्याला दुसऱ्या झाडाचा पराग लागतो. त्यामुळें प्रत्येक बीं हें दोन निराळ्या झाडांचें अपत्य असतें आणि बीजापासून वाढलेलें एक झाड दुसऱ्यासारखें नसतें. एकाची पालवी तांब्याच्या भांड्यासारखी, तर दुसऱ्याची मधाच्या रंगाची. एक आज फुलतें, तर त्याच्या शेजारचें पांच दिवसांनीं. म्हणूनच डोंगरावरचा बहर हा एकरंगी चादरीसारखा दिसत नाहीं. तो पायथ्यापासून माथ्यापर्यंत हळूहळू चढत जातो. फुलांमागून वाटाण्याएवढीं फळें धरतात. तीं पिकून काळसर जांभळीं होतात आणि चवीला कडवट लागतात. माणसाला त्यांचा उपयोग नाहीं. पक्षी तीं खातात आणि कोयी रानभर पसरतात.

मात्र या झाडाच्या लाकडाचें व सालीचें ऋण जपानी कलेवर मोठें आहे. उकियो-ए नांवाचीं जीं रंगीत छापचित्रें होकुसाइ व हिरोशिगे यांच्यामुळें जगभर प्रसिद्ध झालीं, तीं छापण्याचे ठसे मुख्यतः यामाझाकुरेच्या लाकडावर कोरीत असत. हें लाकूड कठीण, बारीक पोताचें आणि सहसा न वांकणारें असतें, त्यामुळें केंसासारखी रेघही त्यावर टिकते. अकिता प्रांतांतील काकुनोदाते या गांवीं रानच्या साकुरेच्या चकचकीत सालीपासून चहाचे डबे व पेट्या करण्याची कला अठराव्या शतकाच्या अखेरीपासून चालत आली आहे.

राजदरबारांत साकुरेला आरंभापासून मान होता असें मात्र नाहीं. आठव्या शतकांत जपानी दरबारावर चीनची विद्या, लिपि आणि अभिरुचि यांचा पगडा होता; आणि चीनमध्यें प्रतिष्ठा होती ती ऊमे या जरदाळूच्या जातीच्या झाडाच्या सुगंधी फुलांना. ‘मान्योश्यू’ या प्राचीन काव्यसंग्रहांत सुमारें साडेचार हजार कविता आहेत. त्यांपैकीं ऊमेवर सुमारें १२० आहेत, तर साकुरेवर चाळीसाहून थोड्याच अधिक. दरबाराची नजर ऊमेवर होती तेव्हां डोंगरची साकुरा शेतकऱ्यांची होती; ती फुलली म्हणजे भातशेतीच्या कामाला लागण्याचे दिवस आले असें ते समजत. ८१२ सालीं सम्राट सागा यानें क्योतो येथील शिन्सेन-एन या उद्यानांत फुलें पाहण्याचा समारंभ केला. साकुरेच्या बहरानिमित्त झालेल्या दरबारी समारंभाची ही पहिली नोंद होय. पुढें सम्राट निन्म्यो याच्या कारकीर्दींत, म्हणजे ८३३ ते ८५० या काळांत, राजवाड्याच्या मुख्य दालनासमोरचें ऊमेचें झाड जाऊन त्या जागीं साकुरा आली. दहाव्या शतकाच्या आरंभीं ‘कोकिनश्यू’ हा संग्रह सिद्ध झाला तोंपर्यंत साकुरा वसंताची राणी बनली होती. पुढें तर कवितेंत नुसतें ‘फूल’ म्हटलें तरी साकुराच समजली जाऊं लागली.

दरबारी लोकांना रोजनिशी लिहिण्याची संवय होती. कोणत्या दिवशीं कोणाकडे फुलें पाहण्याची मेजवानी झाली, हें ते नेमानें टिपून ठेवीत. या किरकोळ नोंदींना आज अनपेक्षित मोल आलें आहे. यासुयुकी आओनो या शास्त्रज्ञानें जुन्या रोजनिशा, बखरी व पत्रें चाळून क्योतो येथील यामाझाकुरेच्या पूर्ण बहराच्या तारखांची ८१२ पासूनची यादी तयार केली. ऋतुमानाविषयीं इतकी लांब लेखी परंपरा जगांत क्वचित् आढळते. पूर्वींच्या शतकांत हा बहर सामान्यतः एप्रिलच्या मध्याच्या सुमारास येई. गेल्या शतकभरांत तो सारखा अलीकडे सरकत आला, आणि २०२१ सालीं २६ मार्च रोजींच झाडें पूर्ण फुललीं. तोंपर्यंतच्या बाराशें वर्षांच्या नोंदींत इतका लवकर बहर आलेला नव्हता. त्याच्या जवळ जाणारी तारीख १४०९ सालची, २७ मार्च ही होती. पृथ्वी तापत चालली आहे याची साक्ष अशा रीतीनें हजार वर्षांपूर्वींच्या रसिकांच्या लेखणींतून मिळाली आहे.

यामाझाकुरेचें मुख्य तीर्थ म्हणजे नारा प्रांतांतील योशिनो पर्वत. येथील झाडें रानांतलींच, परंतु त्यांची दाटी मात्र माणसाच्या भक्तीनें झालेली आहे. सातव्या शतकांतील एन नो ग्योजा या तपस्व्याला या पर्वतांत झाओ गोंगेन या उग्र देवतेचें दर्शन झालें आणि त्यानें तिची मूर्ति साकुरेच्या लाकडांत कोरली, अशी आख्यायिका आहे. तेव्हांपासून साकुरा हें त्या देवतेचें झाड ठरलें. तें तोडणें पाप आणि लावणें पुण्य मानण्यांत येऊं लागलें. यात्रेकरू देवाला दिवा लावावा तसें एक रोप विकत घेऊन डोंगरावर लावीत. त्यांत ना बागेचा आराखडा होता, ना कोणा राजाची आज्ञा. पिढ्यानुपिढ्या एकेक रोप लागत गेलें आणि खालचें सहस्र, मधलें सहस्र, वरचें सहस्र व आंतलें सहस्र अशा चार नांवांनीं ओळखल्या जाणाऱ्या टप्प्यांत डोंगर भरून गेला. आज तेथें सुमारें तीस हजार झाडें असल्याचें सांगतात. पायथ्याचा बहर ओसरूं लागला म्हणजे माथ्यावरचा सुरू होतो. २००४ सालीं या तीर्थक्षेत्राचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारसास्थळांत झाला.

साइग्यो (१११८–११९०) हा मूळचा राजवाड्याच्या रक्षकदलांतील शिपाईगडी. तेविसाव्या वर्षाच्या सुमारास त्यानें संसार सोडून संन्यास घेतला आणि कांहीं काळ योशिनोच्या रानांत झोंपडी करून राहिला. संन्याशानें सर्व आसक्ति सोडावी. याची मात्र फुलांवरची आसक्ति सुटली नाहीं, आणि त्याची कविता याच ओढाताणींतून निर्माण झाली. फाल्गुनाप्रमाणें वसंतांत येणाऱ्या दुसऱ्या चांद्रमासाच्या पौर्णिमेला, म्हणजे जपानी परंपरेप्रमाणें भगवान् बुद्धांच्या परिनिर्वाणाच्या तिथीला, फुललेल्या साकुरेखालीं आपल्याला मरण यावें, अशी इच्छा त्यानें एका कवितेंत व्यक्त केली होती. ११९० सालीं त्याच महिन्याच्या सोळाव्या दिवशीं त्याचा देह पडला. या योगायोगानें त्याचे समकालीन चकित झाले, आणि साइग्यो व साकुरा हीं नांवें कायमचीं जोडलीं गेलीं.

चारशें वर्षांनंतर त्याच डोंगरावर अगदीं निराळ्या वृत्तीचा मनुष्य आला. शेतकऱ्याच्या कुळांत जन्मून सर्व जपानचा सत्ताधीश झालेला तोयोतोमी हिदेयोशी यानें १५९४ सालीं तोकुगावा इएयासू, माएदा तोशिइए, दाते मासामुने यांच्यासारखे बलाढ्य सरदार बरोबर घेऊन योशिनोस फुलें पाहण्यासाठीं स्वारी केली. त्याच्याबरोबर पांच हजार माणसें होतीं असें सांगतात. पुढें १५९८ सालीं त्यानें क्योतोजवळच्या दाइगो मंदिरांत असाच दुसरा सोहळा केला. त्या वेळीं डोंगरावर जाण्याऐवजीं सुमारें ७०० झाडेंच मंदिराच्या आवारांत आणून लावलीं. यात्रेकरू एक रोप देवाला वाहून जाई, तें फुललेलें पाहण्यास तो स्वतः येईलच असें नसे; सत्ताधीशाला तयार बहर त्याच वर्षीं हवा होता. त्याच वर्षाच्या शरद् ऋतूंत हिदेयोशी वारला.

साकुरा सामान्य नागरिकांपर्यंत पोंचविण्याचें श्रेय आठवा शोगुन तोकुगावा योशिमुने याचें. त्यानें १७२० सालापासून एदो शहराच्या, म्हणजे आजच्या टोकियोच्या, कडेला असलेल्या असुकायामा टेकडीवर हजारावर झाडें लावविलीं आणि ती टेकडी लोकांना मोकळी केली. १७३७ च्या सुमारास शहराला पाणी पुरविणाऱ्या तामागावा कालव्याच्या कांठीं, कोगानेइ येथें, योशिनोहून व हिताची प्रांतांतील साकुरागावाहून आणलेली यामाझाकुरा लावण्यांत आली. झाडांच्या मुळांनीं आणि बहर पाहावयास येणाऱ्या लोकांच्या पावलांनीं कालव्याचे बांध घट्ट व्हावे असा त्यांत व्यवहारी हेतु होता असें सांगतात. बीजापासून वाढलेल्या झाडांची ती रांग असल्यामुळें तेथें पालवीचे व फुलांचे असंख्य प्रकार एकाच वाटेवर दिसत. १९२४ सालीं सरकारनें त्या स्थळाला संरक्षण दिलें. परंतु पुढें वाहनांची रहदारी वाढली, दुसऱ्या उंच झाडांची सावली पडूं लागली आणि जुनीं झाडें पुष्कळ कमी झालीं.

याच शतकांत मोतोओरी नोरिनागा (१७३०–१८०१) झाला. इसे प्रांतांतील मात्सुसाका गांवीं वैद्यकी करून त्यानें जपानच्या प्राचीन वाङ्मयाचा आजन्म अभ्यास केला. १७९० सालीं आपल्या चित्रावर लिहिलेल्या एका छोट्या कवितेंत त्यानें जपानी अंतःकरणाची तुलना सकाळच्या उन्हांत झळकणाऱ्या यामाझाकुरेशीं केली. त्याचा भाव साधा होता. सुंदर वस्तु पाहून मन सहज हेलावतें, त्याला पांडित्याची गरज लागत नाहीं, एवढेंच त्याला म्हणावयाचें होतें. त्या कवितेंत युद्ध नाहीं आणि मरणाचा उल्लेखही नाहीं. मृत्युपत्रांत त्यानें आपल्या थडग्याचा आराखडा काढून तेथें उत्तम जातीची यामाझाकुरा लावावी आणि ती वाळल्यास दुसरी लावावी, असें सांगून ठेविलें होतें.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत जपानला नवें, एकसंध राष्ट्र घडवावयाचें होतें, आणि त्या कामीं साकुरेला राबविण्यांत आलें. फूल जसें मोह न धरतां गळून पडतें, तसें सैनिकानें सम्राटासाठीं पडावें, असा अर्थ पाठ्यपुस्तकांतून व संचलनगीतांतून शिकविला जाऊं लागला. नोरिनागाच्या कवितेचें तर निराळेंच झालें. १९०४ सालीं सरकारी मक्त्याच्या सिगारेटींना तिच्यांतील शब्दांवरून शिकिशिमा, यामातो, असाही आणि यामाझाकुरा हीं नांवें मिळालीं. आणि चाळीस वर्षांनंतर, १९४४ च्या आक्टोबरांत, फिलिपाइन्समध्यें आत्मघातकी विमानहल्ल्यांसाठीं ज्या पहिल्या चार तुकड्या उभारल्या, त्यांनाही हींच चार नांवें देण्यांत आलीं. त्या विमानांत बसलेले बरेचसे तरुण विशी-बाविशीचे होते. ज्या झाडाला पहिलें फूल येण्यासच दहा वर्षें वाट पाहावी लागते, त्याचें नांव घेऊन एक पिढीची पिढी जाळली गेली, यासारखी विटंबना दुसरी नसेल.

या काळांत शाळा, छावण्या व स्मारकें यांच्या आवारांत जी साकुरा लागली ती मात्र यामाझाकुरा नव्हती. एदो शहरालगतच्या सोमेइ गांवीं माळ्यांची वस्ती होती. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास तेथें एक नवें झाड विक्रीस आलें. पालवीपूर्वीं फुलांनीं लगडणारें, भराभर वाढणारें आणि लहानपणींच फुलणारें हें झाड माळ्यांनीं ‘योशिनो’ या लौकिकवान् नांवानें विकलें. वस्तुतः योशिनो पर्वताशीं त्याचा कांहीं संबंध नव्हता. हा घोटाळा दूर करण्यासाठीं १९०० सालीं त्याला ‘सोमेइ-योशिनो’ हें नांव देण्यांत आलें. एदोहिगान ही त्याची माता आणि ओशिमा साकुरा हा पिता. ह्या दोन्ही रानच्याच जाति. परंतु त्यांच्या संकरांतून झालेल्या एकाच झाडाच्या फांद्या पुन्हां पुन्हां कलम करून आजचीं लक्षावधि झाडें तयार झालीं आहेत, हें विसाव्या शतकाच्या अखेरीस आनुवंशिक तपासणीनें सिद्ध झालें. सर्व झाडें एकाच देहाचे तुकडे असल्यामुळें तीं एकाच वेळीं फुलतात, एकमेकांच्या परागानें फळत नाहींत, आणि एकाला जो रोग बाधतो तो सर्वांना बाधतो.

या एकसुरीपणाविरुद्ध आयुष्यभर झगडणारा पुरुष म्हणजे सासाबे शिन्तारो (१८८७–१९७८). ओसाकाच्या एका जमीनदार घराण्यांत जन्मलेल्या सासाबेनें टोकियोच्या विद्यापीठांत कायद्याचा अभ्यास केला, परंतु नोकरी न धरतां सर्व संपत्ति व आयुष्य साकुरेला वाहिलें. ताकेदाओ येथील डोंगरांत त्यानें यामाझाकुरेची व बागेंतील जुन्या जातींची जोपासना केली. १९६० सालीं गिफु प्रांतांत मिबोरो धरणाच्या पाण्याखालीं जाणारे एदोहिगान जातीचे दोन प्रचंड वृक्ष त्याच्या देखरेखीखालीं वर डोंगरकडेला हलविण्यांत आले. त्यांचीं वयें चारशें वर्षांहून अधिक असल्यामुळें तीं जगणार नाहींत असेंच पुष्कळांना वाटत होतें. तीं जगलीं आणि पुन्हां फुललीं.

तथापि कलमाला दोष देऊन भागणार नाहीं. कलम नसतें तर कित्येक जाति नष्ट झाल्या असत्या. ताइहाकु ही मोठ्या पांढऱ्या फुलांची जात जपानांतून नाहींशी झाली होती. कॉलिंगवुड इन्ग्राम या इंग्रज साकुराप्रेमी गृहस्थाला ती इंग्लंडांतील ससेक्स परगण्यांत एका बागेंत मरणोन्मुख अवस्थेंत सांपडली. त्यानें तिचीं कलमें वाढविलीं आणि जपानकडे काड्या पाठविल्या. पहिले प्रयत्न फसले. शेवटीं १९३२ सालीं काड्यांचीं टोंकें बटाट्यांत खुपसून सैबेरियाच्या रेल्वेनें त्या रवाना केल्या, तेव्हां कोठें ती जात आपल्या मायभूमीस परत पोंचली. १९१२ सालीं टोकियोनें वॉशिंग्टनला भेट दिलेलीं ३,०२० झाडें हींसुद्धां कलमेंच होतीं. १९१० सालीं पाठविलेलीं दोन हजार झाडें किडीमुळें जाळावीं लागल्यानंतर, अराकावा नदीच्या बांधावरील झाडांच्या काड्या इतामी येथें वाढविलेल्या निरोगी खुंटांवर बांधून तीं तयार केलीं होतीं. सारांश, कलम म्हणजे जुन्याच झाडाचें लांबविलेलें आयुष्य, आणि बीं म्हणजे नवा जन्म. जात टिकवावयाची तर कलम हवें. रान टिकवावयाचें तर बींच हवें.

यामाझाकुरा बीजापासून वाढविण्याची रीत सोपी आहे. तिला पैशापेक्षां धीर अधिक लागतो. मे महिन्याच्या अखेरीपासून जूनपर्यंत फळें काळीं पडतात. अशीं पूर्ण पिकलेलीं फळें गोळा करून त्यांचा गर पाण्यांत चोळून काढून टाकावा, कारण तो राहिल्यास कोय फुटण्यास अडथळा होतो. रानांत हेंच काम पक्ष्यांच्या पोटांत होत असतें. पाण्यावर तरंगणाऱ्या कोयी पोकळ समजून टाकून द्याव्या. उरलेल्या कोयी उन्हांत वाळवूं नयेत. वाळल्या कीं त्यांची उगवण्याची शक्ति जाते. त्या दमट वाळूंत मिसळून थंड जागीं ठेवाव्या किंवा लागलीच वाफ्यांत पेराव्या. निदान तीन महिने गारठा सोसल्याशिवाय ही कोय फुटत नाहीं. ज्या प्रदेशांत खरा हिंवाळा आहे तेथें हें काम निसर्गच करतो; एरवीं वाळूंतील कोयी शीतकपाटांत दोन ते पांच अंश उष्णमानांत ठेवतात. दोनतीन सेंटिमीटर खोल पेरलेल्या कोयी वसंतांत उगवूं लागतात. कांहीं मात्र पहिल्या वर्षीं निजून राहतात आणि दुसऱ्या वसंतांत उगवतात. म्हणून वाफा मोडण्याची घाई करूं नये.

बीं कोठून घ्यावें हाही प्रश्न आहे. शहराजवळच्या यामाझाकुरेवर मधमाशा सोमेइ-योशिनोचा पराग आणतात आणि तिचें बीं संकरित होतें. अशीं रोपें डोंगरावर लावलीं तर रानची जात हळूहळू भेसळून जाते. म्हणून ज्या डोंगरावर झाडें लावावयाचीं त्याच डोंगरावरच्या अनेक झाडांचें बीं घ्यावें, हा नियम आज जाणते लोक पाळतात. एखाद्या विशिष्ट झाडाचीच प्रतिकृति हवी असेल तर कलमाला पर्याय नाहीं. त्यासाठीं हिंवाळ्यांत घेतलेली काडी थंड जागीं राखून, फेब्रुवारी-मार्चमध्यें यामाझाकुरेच्या किंवा ओशिमा साकुरेच्या खुंटावर बांधतात. उन्हाळ्याच्या अखेरीस डोळा भरूनही काम साधतें.

रोप एकदोन वर्षांचें झालें कीं पानगळीनंतर तें कायमच्या जागीं लावावें. जागा उन्हाची आणि पाण्याचा चांगला निचरा होणारी हवी. पाणी सांचलें कीं मुळें कुजतात. दोन झाडांमध्यें आठदहा मीटर अंतर ठेवावें, कारण आज करंगळीएवढें दिसणारें रोप एके दिवशीं मोठा वृक्ष होणार आहे. आळ्यांत पालापाचोळा घालावा, पहिले दोनतीन उन्हाळे पाणी द्यावें आणि बुंध्याजवळची माती तुडवूं देऊं नये. साकुरेची मुळें उथळ असतात. बहराच्या दिवसांत झाडाखालीं जमणारी गर्दी हीच पुष्कळदां तिच्या मुळावर येते. साकुरा छाटणारा मूर्ख आणि ऊमे न छाटणारा मूर्ख, अशी एक जपानी म्हण आहे. साकुरेची मोठी जखम सहसा भरून येत नाहीं. तिच्यांतून बुरशी शिरते व गाभा कुजतो. म्हणून छाटावयाची ती बारीक फांदी, तीही झाड निजलेलें असतांना, आणि घाव लागलीच लेप देऊन झांकावा. केरसुणीसारखा फांद्यांचा झुबका आणणारा एक बुरशीजन्य रोग आहे. त्यानें सोमेइ-योशिनो फार लवकर पछाडते. अलीकडे लाल मानेच्या एका परदेशी भुंग्याचें संकट आलें आहे. २०१२ सालीं तो आइची प्रांतांत साकुरेवर आढळला, आणि त्याच्या अळ्या खोड पोंखरून झाड मारतात. खोडाच्या तळाशीं भुसा पडलेला दिसला कीं तत्काळ उपाय करावा लागतो.

इतकें करूनही बीजाच्या झाडाला पहिला बहर येण्यास सात ते दहा वर्षें लागतात, आणि त्याचें फूल कसें असेल हें तो येईपर्यंत लावणाऱ्यालाही ठाऊक नसतें.

दख्खनच्या उष्ण हवेंत यामाझाकुरेला लागणारा गारठा मिळत नाहीं, त्यामुळें मुंबई-पुण्याकडे ती फुलण्याची आशा धरूं नये. परंतु तिचें एक भावंड भारताचें स्वतःचें आहे. आयुर्वेदांत ज्याला पद्मक किंवा पद्मकाष्ठ म्हणतात तें हिमालयांतील रानच्या चेरीचेंच लाकूड. तें झाड वसंतांत न फुलतां शरदाच्या अखेरीस फुलतें. शिलाँगच्या टेकड्या नोव्हेंबरांत ज्या गुलाबी फुलांनीं भरतात तीं याचींच. तेथें २०१६ सालापासून या बहराचा उत्सवही होऊं लागला. काष्ठौषधींच्या दुकानांत पुडींतून ज्याची ओळख होते त्या झाडाला असा बहर येतो, हें पुष्कळांना ठाऊक नसतें.

रानांत अजून काय दडलें आहे याचा अंदाज जपान्यांनाही पूर्ण लागलेला नव्हता. कीइ द्वीपकल्पाच्या दक्षिण भागांत लवकर फुलणारी जी साकुरा लोक यामाझाकुराच समजत होते, ती वेगळी जात असल्याचें २०१८ सालीं सिद्ध झालें आणि तिला कुमानो-झाकुरा हें नांव मिळालें. जपानांत साकुरेची नवी रानटी जात सुमारें शंभर वर्षांनीं नोंदली गेली. हजार वर्षें जिच्यावर कविता झाली, जिच्या बहराच्या तारखा बाराशें वर्षें टिपल्या गेल्या, तिच्याच बहिणीकडे कोणी नीट पाहिलें नव्हतें.

योशिनोच्या डोंगरावरही सर्व कुशल नाहीं. गेल्या कांहीं दशकांत पुष्कळ झाडें क्षीण झालीं आहेत आणि त्यांच्या खोडांवर बुरशी दिसूं लागली आहे. तेथील रहिवाशांनीं यावर योजिलेला उपाय जुनाच आहे. ते डोंगरावरच्या झाडांचीं फळें वेंचतात, कोयी धुऊन पेरतात, रोपें वाढवितात आणि जेथें एक झाड पडलें तेथें दुसरें लावतात. ज्यांच्या हातून आज रोप लागतें त्यांतील वृद्धांना त्याचा भर बहर पाहावयास मिळणार नाहीं. योशिनोच्या यात्रेकरूंनाही तो मिळत नव्हता. आणि तो डोंगर फुलांनीं भरला तो त्यांच्याच हातून.